मावेजाच्या व्याजावर कापलेला कर परत मागायला मुदत कशासाठी?

गोदाकाठ, परतूर
आपल्याकडे तलाव, कालवे आणि रस्त्यांसाठी गेलेल्या जमिनींचा वाढीव मावेजा न्यायालयातून हाती येईपर्यंत कित्येकदा एक पिढी सरते आणि तोवर मुद्दलापेक्षा व्याजच मोठे झालेले असते. या व्याजावर १० टक्के टीडीएस (पैसे देतानाच घेतला जाणारा कर) कापतात. मात्र १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम ५७ प्रमाणे त्यातील निम्मी रक्कमच करपात्र ठरते. म्हणजे ८ लाख व्याज मिळालेल्या शेतकऱ्याचे ८० हजार कापले जातात आणि उरलेल्या ४ लाखांवर सध्याच्या सवलती धरता बहुधा काहीच कर निघत नाही. हे पैसे विवरणपत्र भरल्याशिवाय परत मिळत नाहीत, हे त्याला कोणी सांगत नाही.

मुदत टळल्यावर कलम ११९(२)(ब) खाली विलंबमाफीचा अर्ज करता येतो. पण १ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकाने त्याची मर्यादा ६ वर्षांवरून ५ वर्षांवर आणली, आणि अशा उशिराच्या परताव्यावर व्याजही मिळत नाही. आपल्याकडे कर थकला की मात्र दरमहा १ टक्का चालू होतो. कपातीची नोंद सरकारच्याच दप्तरी असेल, तर मुदतीची अट कशाला हवी?

जमाखर्च, लातूर
आपली कळकळ मान्य, हिशेब मान्य नाही. शेतीचे उत्पन्न करमुक्त असले तरी इतर उत्पन्नावरील कराचा दर ठरवताना ते जमेस धरावे लागते, त्यामुळे बागायतदाराच्या बाबतीत ‘काहीच कर नाही’ असे सरसकट म्हणता येत नाही. विवरणपत्र त्यासाठीच असते. ५ वर्षे ही आकारणी वर्ष (उत्पन्नाच्या वर्षानंतरचे वर्ष) संपल्यापासून मोजली जातात, हेही आपण सोडून दिले. १०-१२ वर्षांनी आलेला दावा कोणत्या कागदांवरून तपासायचा? मुदत काढून टाकली, तर परताव्यातील टक्केवारीवर काम करणारे दलाल गावोगाव जुन्या पावत्या शोधत फिरतील. काही आताच फिरत आहेत.

मोंढ्यातला, परभणी
मला तर सवलतींचाच वीट आला आहे. जीएसटीत २०१७-१८ ते २०१९-२० या वर्षांच्या ठरावीक मागण्यांसाठी कलम १२८अ आले. ३१ मार्च २०२५ पर्यंत मूळ कर भरणाऱ्याला व्याज आणि दंड माफ झाला, पण ज्यांनी ते आधीच मुकाट्याने भरले होते त्यांना त्यातला एक रुपयाही परत मिळणार नाही, असे त्याच कलमात लिहिले आहे. घरपट्टीच्या शास्तीचेही तेच. वेळेवर भरणारा प्रत्येक वेळी मूर्ख ठरतो. आता शेतकऱ्यांसाठी आणखी एक सूट कशाला?

वकिली डायरी, अंबाजोगाई
मोंढ्यातल्या मित्रांचा राग रास्त आहे, पण तो या प्रश्नावर लागू होत नाही. व्याज किंवा दंड माफ होतो तेव्हा सरकार आपले येणे सोडते. तेथे कठोर कसोटी हवी आणि ती आहेही. थकीत मागणीवरचे व्याज माफ करून घ्यायचे तर आयकर कायद्याच्या कलम २२०(२अ) प्रमाणे खरी अडचण, चूक आवाक्याबाहेरच्या कारणाने झालेली असणे आणि चौकशीत सहकार्य, या तिन्ही गोष्टी एकदम दाखवाव्या लागतात. परताव्यात मात्र सरकार जास्तीचे घेतलेले परत देते. दोन्हींना ‘सवलत’ म्हटले की करदाता विनाकारण याचक होतो.

शिवाय जुन्या भूसंपादन कायद्यातील कलम २८ खालचे व्याज हा मावेजाचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये घनश्याम प्रकरणात म्हटले होते. त्यानंतर आयकर कायद्यात झालेल्या दुरुस्तीमुळे हे व्याज करपात्र की नाही यावर उच्च न्यायालयांत मतभेद झाले. जेथे न्यायालयांचे एकमत नाही, तेथे शेतकऱ्याने ५ वर्षांत सगळे उमजून अर्ज करावा, ही अपेक्षा मला जरा जास्त वाटते.

जमाखर्च, लातूर
हा भेद मला पटतो; मुदत नसावी हे तरीही पटत नाही. खरी अडचण वेगळीच आहे. पॅन दिला नसेल तर २० टक्के कपात होते आणि ती रक्कम शेतकऱ्याच्या २६एएस मध्ये, म्हणजे त्याच्या नावावरील करकपातीच्या उताऱ्यात, दिसतच नाही. कापणाऱ्या कार्यालयाने सुधारित विवरण भरले तरच दिसते. गोदाकाठ म्हणतात ती ‘सरकारच्या दप्तरातील नोंद’ अशा माणसाच्या नावावर नसतेच. मुदत वाढवण्याआधी, मावेजाचा धनादेश देतानाच पॅन घेण्याची आणि कपातीचे प्रमाणपत्र हातात देण्याची सक्ती त्या कार्यालयांवर का करू नये?

गोदाकाठ, परतूर
जरूर करावी. पण ती सक्ती पुढच्यांच्या कामी येईल. ज्यांचे पैसे आधीच कापले गेले, त्यांच्यासाठी निदान अर्जाच्या तारखेपासून तरी व्याज द्यावे, यावर आपण काहीच बोलला नाहीत.