यंत्र वेगळं, फायबर वेगळी
प्रोस्टेटच्या लेझर ऑपरेशनमध्ये एकाला वापरलेला लेझर पुन्हा दुसऱ्या पेशंटला वापरतात, हे ऐकून लगेच घाबरू नका. यंत्र वर्षानुवर्षं तेच असतं. प्रश्न शरीरात जाणाऱ्या फायबरचा, म्हणजे लेझरचा किरण वाहून नेणाऱ्या काचेच्या बारीक तंतूचा आहे. होल्मियम या प्रकारच्या लेझरची (तरंगलांबी सुमारे २१०० नॅनोमीटर) फायबर सहसा सरळ टोकाची. त्यातल्या काही पुनर्वापरासाठीच बनवलेल्या असतात: जळालेलं टोक कापायचं, आवरण सोलायचं, निर्जंतुक करायचं. दिशादर्शक किरणाचा ठिपका गोल आणि स्वच्छ पडला नाही, तर ती बाद. ग्रीनलाइट या हिरव्या लेझरचं (५३२ नॅनोमीटर) तसं नाही. तिथे किरण टोकाशी बाजूला वळवलेला असतो, त्यामुळे टोक कापलं की फायबर संपलीच. 'सिंगल यूज' छापलेली फायबर पुन्हा वापरणं मला तरी पटत नाही. आणि बिलात नवी फायबर लावली असेल, तर तिचं पाकीट खरंच नवं फोडलं का, हे बिनधास्त विचारा.