यूटा विद्यापीठाचं ब्लॅक कल्चरल सेंटर: कामं वाटून दिली, पण मदत पोचते का?

दिगंतर (धागाकर्ता)
अमेरिकेतल्या यूटा राज्यानं जानेवारी २०२४ मध्ये एचबी २६१ हा कायदा केला: सरकारी विद्यापीठांत वंश, लिंग अशा ओळखीवरून वेगळे विभाग चालवायचे नाहीत. १ जुलैपासून तो लागू झाला. त्याला धरून सॉल्ट लेक सिटीतल्या यूटा विद्यापीठानं २०१९ मध्ये उघडलेलं ब्लॅक कल्चरल सेंटर, म्हणजे कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचं हक्काचं केंद्र, बंद केलं. सांस्कृतिक कार्यक्रम एका नव्या विभागाकडे गेले, विद्यार्थ्यांना मदत दुसऱ्याकडे. मदत सर्वांना खुली.

माझ्या मते ही वाटणीच चुकली. असल्या सेंटरमधला को-ऑर्डिनेटर ही दोन कामं वेगळी करतच नाही. पोरगं फुकटच्या जेवणाला येतं आणि हातात ताट असताना सहज बोलून जातं, की विद्यापीठातल्या खात्यावर होल्ड लागलाय, पुढच्या सत्राचं रजिस्ट्रेशन अडलंय. ‘साहाय्य कक्ष’ अशी पाटी वाचून ते आत आलंच नसतं.

रोखठोक
निम्मंच पटलं. होल्ड काढायचा अधिकार सेंटरला असतो कुठे? तो बर्सरच्या, म्हणजे फी वसुलीच्या ऑफिसकडे. को-ऑर्डिनेटर फार तर फोन करणार. मग तीच माणसं मध्यवर्ती कक्षात बसवली तर एक हेलपाटा वाचला. आणि घराण्यातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेला गोरा मुलगाही त्याच होल्डमध्ये अडकतो, त्यानं कुठे जायचं?

सांजसावली
त्यानं सेंटरमध्ये यायचं. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यामुळे सरकारी पैसा घेणाऱ्या विद्यापीठाला वंश बघून दार लावता येतच नाही. ही सेंटर आधीपासून सर्वांना खुली होती.

आता ‘फार तर फोन’बद्दल. होल्ड एका प्रकारचा नसतो. थकबाकीचा, लसीकरणाचा, अ‍ॅडव्हायझरला न भेटल्याचा. त्यात आर्थिक मदतीची कागदपत्रं तपासणीत अडकली तर पैसे येत नाहीत, आणि त्यातून पुन्हा थकबाकी. पोराला एवढंच दिसतं की रजिस्ट्रेशन होत नाही. त्यामुळे पहिलं काम म्हणजे त्याच्या शेजारी बसून, त्यालाच लॉगिन करायला लावून, होल्ड कुणी लावलाय ते वाचणं.

नेहमीचा घोळ सांगते. आईवडील विभक्त असतील तर फाफ्सा, म्हणजे सरकारी आर्थिक मदतीच्या अर्जात कुणाचं उत्पन्न भरायचं? पूर्वी मूल ज्याच्याकडे जास्त दिवस राहिलं त्याचं भरायचे. २०२४-२५ च्या अर्जापासून गेल्या बारा महिन्यांत ज्यानं जास्त खर्च उचलला त्याचं. मोठ्या भावंडाचा जुना अर्ज समोर ठेवून भरलं की हमखास चुकतं. दुरुस्ती करा, करखात्याचा उतारा मागवा, मग तपासणी पुन्हा सुरू. तेवढ्यात रजिस्ट्रेशनची तारीख उलटते आणि हव्या त्या वर्गातल्या जागा भरतात.

चांगला को-ऑर्डिनेटर लिंक पाठवून मोकळा होत नाही. आर्थिक मदत कक्षात नावानिशी माणूस गाठतो, पोराला घेऊन जातो, दोन दिवसांनी होल्ड खरंच उठला का ते पुन्हा बघतो. मध्यवर्ती कक्ष तिकिटावर, म्हणजे नोंदवलेल्या तक्रारीच्या क्रमांकावर चालतो, आणि तिकीट बंद होतं उत्तर पाठवल्यावर. होल्ड उठला की नाही, हे त्यात कुठेच येत नाही.

रोखठोक
मग तिकिटाची पद्धत सुधारा, वंशाच्या नावाचं घर कशाला?

करवीरकर
शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात जातवार वसतिगृहं काढली, तेव्हाही हाच सवाल होता.

रोखठोक
ती वसतिगृहं होती. तिथे पथारी आणि दोन वेळचं जेवण मिळायचं, जे बाहेर मिळतच नव्हतं. इथे सोफा आणि पोस्टर आहेत. तुलना ओढूनताणून आहे.

दिगंतर
सोफा? १९६८ च्या मे महिन्यात नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या ब्लॅक विद्यार्थ्यांनी ठिय्या दिला तो नेमका बर्सरच्या ऑफिसात, आणि तिथलं ब्लॅक हाउस हे असलंच सेंटर त्या मागण्यांतून आलं. त्याच महिन्यात पर्ड्यू विद्यापीठात विद्यार्थी विटा घेऊन प्रशासनाच्या इमारतीवर गेले. सेंटर १९६९ मध्ये मिळालं, स्वतःची नवी इमारत १९९९ मध्ये. कुणी हौसेनं दिलेली नाहीत ही घरं.

तिसरी घंटा
विरोधी बाजूनं, पण वेगळं. घर राहू दे की जाऊ दे, तिथल्या माणसांचं बोला. बहुतेक ठिकाणी एक डायरेक्टर, एखादा को-ऑर्डिनेटर, आठवड्याला वीस तासांचा पदव्युत्तर सहायक आणि काउंटरवर वर्क-स्टडीची, म्हणजे शिकता शिकता पगारी काम करणारी पोरं. गावात काळ्या केसांची जाण असलेला न्हावी नाही, तर महिन्यातून एकदा बाहेरून बोलावणं त्यांच्याकडे. कुलगुरूंच्या निवेदनाचा मसुदा बघणं त्यांच्याकडे. प्रत्येक समितीत ‘प्रतिनिधी’ म्हणूनही तेच. को-ऑर्डिनेटर नोकरी सोडतो तेव्हा सगळे संबंध त्याच्या फोनमधून निघून जातात. हे व्यक्तीच्या जिवावर चालणारं काम विद्यापीठांना फार स्वस्तात पडतं, आणि तुम्ही त्याचीच आरती करताय.

दुसरं, ही माणसं बहुधा गोपनीय नसतात. लैंगिक अत्याचाराचं ऐकलं तर टायटल नाइन (लिंगभेदाविरुद्धचा कायदा) कार्यालयाला कळवणं त्यांना भाग असतं. ताट हातात असताना जे सहज बोललं जातं, ते तिथेच थांबत नाही.

सांजसावली
दुसरा मुद्दा शंभर टक्के बरोबर. म्हणून बोलणं त्या वळणावर जाताना दिसलं की लगेच सांगायचं: ‘पुढे बोलण्याआधी ऐक, मला हे कळवावं लागेल.’ पोरगं बोलून बसल्यावर सांगितलं तर पुन्हा त्या दारात येत नाही. यावर कॉर्नेलनं सुरू केलेली ‘लेट्स टॉक’ पद्धत बरी: समुपदेशक आठवड्यातले काही तास विद्यार्थ्यांच्या वावरातल्या जागी येऊन बसतो, वेळ घ्यावी लागत नाही, औपचारिक उपचारही नसतात. त्याला बसायला मात्र खोली लागते. सेंटरच गेलं तर कुठे बसवणार?

फोनमधल्या संबंधांवर उपाय साधा आहे. होल्डचा प्रकार, कुणाकडे नेलं, कधी उठला, एवढंच विद्यापीठाच्या प्रणालीत नोंदवायचं. स्वतःच्या एक्सेलमध्ये नाही, विद्यार्थ्यांच्या नोंदी गोपनीय ठेवायला लावणाऱ्या फर्पा कायद्याचं लफडं होतं.

रोखठोक
अमेरिकेत २०१० मध्ये पदवीला पूर्ण वेळ प्रवेश घेतलेल्यांपैकी सहा वर्षांत गोरे ६४ टक्के पदवीधर झाले, ब्लॅक ४० टक्के. सेंटर तेव्हाही होतीच ना?

सांजसावली
सगळीकडे नव्हती. आणि सेंटरात येणारी पोरं मुळातच जास्त धडपडी असू शकतात, म्हणजे तो आकडा माझ्याही कामाचा नाही. यूटाकडे मागायचं ते हे: जुलै २०२४ च्या आधी आणि नंतर होल्ड लागल्यापासून उठेपर्यंत किती दिवस गेले, गटवार.

तिसरी घंटा
आणि मध्येच सोडून गेलेल्यांनाही त्यात धरा. नाहीतर सरासरी छानच दिसेल.