कमला खानचे घर आणि आपले घर : 'मिस मार्व्हल' पाहणाऱ्यांचे अनुभव

मार्व्हल या अमेरिकी कॉमिक्स कंपनीच्या 'मिस मार्व्हल' या महानायिकेच्या मालिकेचा सहावा आणि शेवटचा भाग १३ जुलै २०२२ रोजी आला. न्यू जर्सीतील जर्सी सिटीत राहणारी कमला खान ही पाकिस्तानी-अमेरिकन शाळकरी मुलगी तिची नायिका आहे. मार्व्हलच्या पडद्यावरील विश्वात मुस्लिम नायिकेभोवती रचलेली ही पहिलीच मालिका. कमलाची भूमिका करणारी इमान वेल्लानी कराचीत जन्मली आणि कॅनडात वाढली. आईच्या भूमिकेतील झेनोबिया श्रॉफ मुंबईच्या पारशी आहेत. वडिलांच्या भूमिकेत आपले मोहन कपूर आहेत, तर फवाद खान, मेहविश हयात आणि फरहान अख्तर हे सीमेच्या दोन्ही बाजूंचे कलाकार एकाच कथेत वावरतात. या पात्रयोजनेचे काहींनी मनापासून स्वागत केले, काहींनी एकही भाग न पाहता तिच्यावर राग काढला. दुरून केलेली चर्चा पुष्कळ झाली, म्हणून ज्यांनी मालिका पाहिली त्यांनी ती कोणासोबत पाहिली आणि कोणत्या प्रसंगाशी थांबावेसे वाटले ते सविस्तर लिहावे, ही विनंती. आलेले अनुभव पुढे देत आहे.

एडिसन, न्यू जर्सी

मी १९८६ साली लग्न होऊन जर्सी सिटीत आले. जर्नल स्क्वेअरजवळ तिसऱ्या मजल्यावर आमची दोन खोल्यांची जागा होती. पुढच्याच वर्षी त्या शहरात 'डॉटबस्टर्स' हे नाव ऐकू येऊ लागले. कपाळावरच्या टिकलीवरून त्या टोळीने ते नाव घेतले होते. भारतीयांना शहरातून हुसकावून लावू, फोनच्या पुस्तकात पटेल आडनाव शोधून घर गाठू, अशा मजकुराचे त्यांचे पत्र स्थानिक वृत्तपत्रात छापून आले. शेजारच्या होबोकेनमध्ये एका भारतीय तरुणाला इतकी मारहाण झाली की त्यात त्याचा जीव गेला.

त्या दिवसांत मी घराबाहेर पडताना कपाळावरची टिकली काढून दाराशेजारच्या आरशाच्या चौकटीवर चिकटवून ठेवत असे आणि परतल्यावर चपला काढण्याआधी तीच पुन्हा लावत असे. दोन-तीन दिवसांत तिचा डिंक संपे आणि ती चौकटीवरच राहून जाई. आम्ही १९९१ मध्ये ती जागा सोडली तेव्हा यजमानांनी ब्लेडने खरवडून त्या चौकटीवरच्या टिकल्या काढल्या. मी मात्र त्या कधी मोजल्या नाहीत.

ही मालिका मी माझ्या बारा वर्षांच्या नातीसोबत पाहिली. दुसऱ्या भागात त्याच शहरातल्या रस्त्यावर ईदची जत्रा भरते, बायका नटूनथटून मोकळ्या फिरतात आणि कोणीही मागे वळून पाहत नाही. शेवटच्या भागात सरकारी खात्याची माणसे कमलाला पकडायला येतात तेव्हा आजूबाजूचे लोक मध्ये उभे राहून तिला पाठीशी घालतात. तिथे मला पुढचे दिसेनासे झाले. तिच्या घरात उर्दू बोलतात आणि आमच्या घरात मराठी, परंतु १९८७ साली आम्हाला शिवी देणाऱ्याने हा फरक कधी विचारला नव्हता. नातीला या कशाचेही नवल वाटले नाही. कमला गाडी चालवण्याच्या परीक्षेत नापास झाली, ते योग्य होते की परीक्षकाने जास्तच कडक तपासले, एवढ्यावरच ती माझ्याशी वाद घालत होती. तिला हे नवल वाटू नये, हेच आम्हाला हवे होते, तरी आरशाच्या चौकटीची गोष्ट मी तिला त्या रात्री पहिल्यांदाच सांगितली.

पुणे

मी कमला खानचे कॉमिक्स पहिल्या अंकापासून वाचत आलो आहे. हे पात्र २०१३ मध्ये प्रथम डोकावले, २०१४ मध्ये त्याला स्वतंत्र मालिका मिळाली आणि तिच्या पहिल्या खंडाला विज्ञान-कल्पित साहित्यासाठीचे २०१५ चे ह्युगो पारितोषिक मिळाले. संपादिका साना अमानत आणि लेखिका जी. विलो विल्सन यांनी ही मुलगी इतक्या आपुलकीने घडवली होती की टीव्हीवर तिचे काय होणार, याची मला खरोखर धास्ती होती.

इमान वेल्लानीच्या निवडीबद्दल माझी शंका पहिल्या दहा मिनिटांत फिटली. ही तिची पहिलीच भूमिका आहे आणि ती स्वतः या कॉमिक्सची वाचक आहे. आवडत्या नायिकेबद्दल बोलताना तिचे शब्द एकमेकांवर आदळतात आणि हात आवरत नाहीत. असे वेड ज्याने स्वतः जोपासले आहे त्यालाच ते दाखवता येते.

माझी तक्रार वेगळी आहे. मूळ कथेत कमलाला शक्ती मिळते तेव्हा ती आधी तिची आवडती महानायिका, गोरी, सोनेरी केसांची कॅप्टन मार्व्हल होते, कारण तिने मनातल्या मनात तेच मागितलेले असते. मग तो पोशाख अंगाला काचतो, बूट टोचतात आणि दुसऱ्याच्या कातडीत राहणे किती अवघड आहे ते तिला उमगते. सावळ्या मुलीच्या मनातली गोरेपणाची ओढ इतक्या सरळपणे मांडलेली मी दुसरीकडे वाचली नव्हती. मालिकेत शरीर ताणण्या-बदलण्याची शक्ती जाऊन पणजीच्या बांगडीतून येणारा जांभळा प्रकाश आला. त्यामुळे वारशाची गोष्ट भक्कम झाली हे मान्य आहे, मात्र आरशासमोरची ती लढाई हरवली. पात्रयोजनेत विविधता आणली आणि ज्याच्यासाठी ती आणायची, तो सल गाळला, असे मला वाटत राहिले.

प्रेक्षकसंख्येबद्दलही लिहितो. प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या सांबा टीव्ही या कंपनीच्या मोजणीनुसार अमेरिकेत पहिल्या पाच दिवसांत सुमारे ७ लाख ७५ हजार घरांनी पहिला भाग पाहिला. मार्व्हलच्या आधीच्या मालिकांपेक्षा हा आकडा कमी आहे आणि पात्रयोजना चुकल्याचा पुरावा म्हणून तो नाचवला जात आहे. त्याच मोजणीत तरुण प्रेक्षक आणि कृष्णवर्णीय, आशियाई व हिस्पॅनिक घरांचे प्रमाण त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने अधिक दिसले, हे सांगायला मात्र कोणी तयार नसते. आयएमडीबी या चित्रपट-मालिकांना गुण देण्याच्या संकेतस्थळावर सुरुवातीलाच एक ताऱ्याच्या मतांचा ढीग पडला होता. नापसंती हा प्रत्येकाचा हक्क आहे, पण ती मालिका पाहून झाल्यावर यावी.

उल्हासनगर

आमचे मूळ कराचीचे. माझे शिक्षण मराठी शाळेत झाले, घरात मात्र सिंधीच बोलतात. माझी आजी जानेवारी १९४८ मध्ये बोटीने मुंबई बंदरात उतरली आणि तिथून कल्याणच्या लष्करी छावणीतील बराकीत आली. त्याच छावणीचे पुढे उल्हासनगर झाले.

पाचव्या भागात फाळणीच्या रात्रीचे रेल्वे स्थानक आहे. गाडी सुटण्याच्या गर्दीत कमलाचे पणजोबा हसन आणि लहानगी सना, म्हणजे कमलाची आजी, यांची ताटातूट होते. हसनच्या भूमिकेतील फवाद खान यांनी तो प्रसंग अतिशय संयमाने केला आहे. एका अमेरिकी महानायिकेच्या कथेत फाळणीला जवळपास अख्खा भाग मिळावा, ही मोठी गोष्ट आहे आणि सीमेच्या अलीकडच्या-पलीकडच्या कलाकारांनी एकत्र येऊन ती करावी, ही त्याहून मोठी.

तरीही आमची फाळणी त्यात नव्हती. फाळणी म्हटले की पडद्यावर आगगाडीच येते. कराचीहून हजारो सिंधी कुटुंबे डेकवर पथाऱ्या टाकून समुद्रमार्गे आली, आजी दोन दिवस उलट्या करत होती आणि किनारा दिसल्यावर पहिल्यांदा पाणी प्याली, हे चित्र मी अजून कोठे पाहिलेले नाही. चौथ्या भागातील कराची मी डोळ्यांत तेल घालून पाहिली. तिचे चित्रीकरण थायलंडमध्ये झाले आहे हे मला ठाऊक होते, तरी आजीच्या बोलण्यातला एखादा कोपरा सापडेल, अशी आशा होती. कराचीच्या त्या रस्त्यांवर माझ्या कानावर एकही सिंधी शब्द पडला नाही. कलाकार कोठले निवडले याइतकेच ते कोणती भाषा बोलतात हेही पाहायला हवे, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे.

*(कराची १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यात होती. तिथली एक जुनी आणि नामांकित शाळा आजही नारायण जगन्नाथ वैद्य यांचे नाव मिरवते. या शहराशी मराठी माणसाचे नाते असलेल्या कुटुंबांनी येथे अवश्य लिहावे.)*

नाशिक

नव्वदच्या दशकात झी टीव्हीवर मोहन कपूर सापशिडीचा खेळ घेत असत आणि आमचे अख्खे घर त्यासमोर बसत असे. तेच आता चेहऱ्याला हिरवा रंग फासून, मार्व्हलचा महानायक हल्क बनून मुलीसोबत चाहत्यांच्या संमेलनाला जायला निघतात आणि मुलगी संकोचते, तेव्हा त्यांचा पडलेला चेहरा पाहून माझ्या वडिलांनी टीव्हीचा आवाज कमी केला. आणखी एक. आम्ही तिला इतके दिवस कमळातली 'कमला' समजत होतो. ती 'कमाल' मधून आली आहे हे शेवटच्या भागात वडिलांच्या तोंडून कळते आणि मराठी घरात त्याचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही.

लेस्टर, इंग्लंड

मी खेड तालुक्यातील कोकणी मुसलमान. मराठी माझ्या शाळेची भाषा आणि कोकणी घरची. पडद्यावर हिजाब घातलेली मुलगी दिसली की ती एक तर पीडित असते किंवा शेवटी हिजाब काढून सुटकेचा श्वास घेते. कमलाची मैत्रीण नाकिया यातले काही करत नाही. ती मशिदीच्या कार्यकारिणीची निवडणूक लढवते, कारण स्त्रियांच्या बाजूची दुरवस्था तिला सहन होत नाही. आमच्या मशिदीत स्त्रियांची खोली वरच्या मजल्यावर आहे आणि तिथला स्पीकर इतका खरखरतो की खुतब्यातले, म्हणजे शुक्रवारच्या प्रवचनातले, अर्धे शब्द वरपर्यंत पोहोचत नाहीत. दोन वर्षे आम्ही अर्ज करत आहोत. हा प्रसंग पाहून आम्ही पाचजणींनी तिसरा अर्ज लिहिला. बाहेर काढून ठेवलेले नाकियाचे महागडे बूट चोरीला जातात, तेही अगदी खरे आहे.

मला पटले नाही ते जिनांचे, म्हणजे माणसांना न दिसणाऱ्या अदृश्य योनीचे, प्रकरण. आमच्या घरात जिनांचे नाव दबक्या आवाजात घेतात. पहिल्या मुस्लिम नायिकेच्या रक्तातच ते दाखवावे, याने माझ्या अम्मीला मनापासून वाईट वाटले. बाकी सगळे इतके जपून केले असताना एवढ्यावर कोणी त्यांना टोकायला हवे होते.

टोरांटो

एडिसनच्या ताईंचे लिहिणे वाचून मला धीर आला, म्हणून लिहिते. आमच्या मुलाने तीन वर्षांपूर्वी एका कृष्णवर्णीय मुलीशी लग्न केले. साताऱ्याहून नातेवाइकांचे फोन आले, त्यात रंगावरून जे बोलले गेले ते मी येथे लिहीत नाही. मी त्यांना उलटून काही बोलले नाही. आठ महिने मी सुनेशीही जेवढ्यास तेवढे बोलत होते, त्याची मला आज लाज वाटते.

तिसऱ्या भागात कमलाचा भाऊ आमिर आणि तायेशा यांचे लग्न आहे. तायेशा कृष्णवर्णीय मुस्लिम आहे. त्या मांडवात तिच्या रंगाबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. मला आधी बरे वाटले, नंतर खटकले. आपल्या लोकांत हे इतक्या सहज होत नाही आणि मालिकेने हा एकच ओरखडा टाळला, असे मी सुनेला म्हणाले. ती म्हणाली की तिला ओरखडे ठाऊक आहेत, कोणी न बोलता नाचणारे लग्न पाहायचे होते.

मग तिने विचारले की नवऱ्यामुलाकडच्या या नाचणाऱ्या बायका कोण असतील. आत्या, मावशी, मामी, चुलत बहिणी, असे मी एकेक सांगत गेले. आमच्या मुलाच्या लग्नात आमच्या बाजूची अकराच माणसे होती. तिने रिमोट घेतला, ते नृत्य सुरुवातीपर्यंत मागे नेले आणि आम्ही दोघींनी ते पुन्हा पाहिले.