नगरपरिषदेचं बहुउद्देशीय केंद्र: यादीतलं काय ठेवावं, काय उडवावं?

नदीपल्याड
मंडळी, सल्ला पाहिजे. आमचं गाव शिरोळ तालुक्यात, नदीकाठी. नाव मुद्दाम देत नाही, ओळखणारे ओळखतील. नगरपरिषदेची जुन्या गोडाऊनची साधारण दोन एकर जागा मोकळी झालीय, तिथं क्रीडा आणि सांस्कृतिक केंद्र करायचं चाललंय. नागरिकांच्या समितीत मलाही ओढलंय. आजवरची यादी: स्विमिंग टँक, टर्फ, जिम, बॅडमिंटन हॉल, ८०० खुर्च्यांचं नाट्यगृह, कुस्तीची तालीम, अभ्यासिका, ज्येष्ठांसाठी विरंगुळा केंद्र. ज्याला जे सुचलं ते त्यानं घातलंय. निधी निम्म्यालाही पुरायचा नाही. कशाला हात लावायचा नाही आणि कशाला कात्री लावायची?

ओळंबा
यादी बाजूला ठेवा, आधी पूररेषेचा नकाशा काढा. साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची रेषा निळी, १०० वर्षांतल्या पुराची लाल. निळीच्या आत इमारत बांधता येत नाही. मैदान, बाग असला मोकळा वापर चालतो. निळी आणि लाल यांच्या मधे अटींवर बांधकाम होतं. तुमची दोन एकर कुठं पडते यावर निम्मी यादी आपोआप गळेल.

नकाशा हातात आला तरी शेजारच्या घरांच्या भिंती बघून या. २०१९ च्या पाण्याची खूण कुणी ना कुणी रंगवून ठेवलेली असते. जोतं तिच्या वर घ्या, विजेचं पॅनेल आणि जनरेटर त्याहून वर. आणि हो, पूर आला की गाव याच इमारतीत येऊन राहणार हे धरूनच प्लॅन करा. वरच्या मजल्यावर भरपूर संडास, पाण्याची टाकी, चूल मांडता येईल अशी झाकलेली गच्ची. जनावरांची सोय मात्र वेगळ्या उंच जागेवर, नाहीतर माणसं जनावरं सोडून यायलाच तयार होत नाहीत, हे आपण २००५ पासून बघतोय.

नदीपल्याड
जागेचा मागचा तुकडा उताराला आहे, तिथं दरवर्षी पाणी शिरतं. पुढचा रस्त्याकडचा कोरडा राहतो.

ओळंबा
मग मागं मैदान, पुढं इमारत. ठरलं की.

तांबडी_माती
मैदानाच्या बाजूनं सिमेंटच्या पायऱ्या बांधायच्या भानगडीत पडू नका. कोल्हापूरचं खासबाग कुस्ती मैदान बघून या. शाहू महाराजांनी १९१२ ला केलेलं मैदान, आखाडा मधे आणि बैठक चढत गेलेली, मागच्यालाही पुढच्याचं डोकं आडवं येत नाही. तुमच्याकडं आयता उतार आहे, तोच कापून मातीचे टप्पे करा, हरळी लावा. पाणी येऊन गेलं तर गाळ ओढायचा, एवढंच.

तालमीचं सांगतो. तालीम आणि बॅडमिंटन एका छपराखाली नको. माती रोज उकरायची असते, धूळ उडतेच, आणि ती लाकडी फरशीवर बसली की पोरं घसरून पडतील. कुस्तीच्या मातीच्या हौदाला स्वतंत्र खोली द्या, जोतं उंच. तेल, ताक, हळद, लिंबू घालून वर्षानुवर्षं मुरवलेल्या मातीत एकदा पुराचा गाळ मिसळला की ती फेकून द्यावी लागते. मॅटचं वेगळं. १२ बाय १२ मीटरची मॅट मोठ्या हॉलमधे अंथरून गुंडाळता येते, तिला खोली अडवू नका. पोरांना स्पर्धा मॅटवर खेळायच्यात, त्यामुळं दोन्ही पाहिजे.

शटलवाला
मोठा हॉल एकच करा, पण मधे खांब नको. ३२ बाय २० मीटर मिळाला तर बास्केटबॉलचं २८ बाय १५ चं कोर्ट बसतं, त्यातच व्हॉलीबॉल, कबड्डी, आणि बॅडमिंटनची तीन-चार कोर्टं, प्रत्येकाच्या रेषा वेगळ्या रंगात. छत निदान ९ मीटर उंच. ठेकेदार ६ मीटरवर आणायला बघेल, ऐकू नका, नंतर वाढवता येत नाही.

साध्या पत्र्याचं छप्पर घातलं तर जुलैत आत शिट्टीसुद्धा ऐकू येत नाही. पत्र्याखाली इन्सुलेशनचा थर घ्या. खिडक्या वर घ्या, खालून वारा आला की शटल भरकटतं.

रस्सामंडळ
स्विमिंग टँक पहिला उडवा. २५ बाय साडेबारा मीटर, सरासरी दीड मीटर खोल, म्हणजे जवळजवळ ४ लाख ७० हजार लिटर पाणी. वर फिल्टर, क्लोरिन, जीवरक्षकाचा पगार, विजेचं बिल. बांधायला निधी मिळतो, चालवायला कोण देतंय? दोन उन्हाळे चालतो आणि मग त्यात पावसाचं पाणी साठतं.

आणि मंडळी, चिडू नका, पण हॉल लग्नाला भाड्यानं द्या. त्याशिवाय वॉचमनचा पगार निघत नाही.

शटलवाला
भावा, लग्नाला दिला की संपला. मे महिन्यात पोरांना सुट्टी आणि नेमका तेव्हाच हॉल बंद. वर फरशीवर जेवणाच्या पंगती, मांडवाचे खिळे. असले हॉल आपल्याच जिल्ह्यात बघितलेत, कोर्टाच्या रेषा पुसून गेल्यात आणि कोपऱ्यात खुर्च्यांचा ढीग.

रस्सामंडळ
मग बिल तू भर की.

मंगळागौर_झिम्मा
तुमचं भांडण झालं की माझं ऐका. वर इतकं लिहिलंय, बायका कुठंच नाहीत. आमच्याकडंही असंच केंद्र झालं. संध्याकाळी पाच ते नऊ पोरांची गर्दी, आणि बायकांना वेळ दिला दुपारी बारा ते दोन! त्या वेळेला कोण येणार? सकाळी सहा ते सात आणि संध्याकाळचे दोन दिवस बायकांसाठी, हे नियमावलीत लिहूनच घ्या, तोंडी नको. कपडे बदलायची खोली, आतून कडी, गेटपासून रस्त्यापर्यंत दिवे. श्रावणात झिम्मा-फुगडीच्या स्पर्धांना हाच हॉल लागतो, त्या तारखा आधीच राखून ठेवा.

अभ्यासिका मात्र ठेवाच. स्पर्धा परीक्षेच्या पोरीसुद्धा रात्री नऊपर्यंत बसतात. तिला रस्त्याकडून वेगळं दार द्या, हॉलमधून वाट नको. आणि विरंगुळा केंद्र तळमजल्यावर. रॅम्पचा उतार १ फूट उंचीला १२ फूट लांब, नाहीतर नुसतं नावाला रॅम्प.

ओळंबा
ताई म्हणतात ते दार प्लॅनमधे पहिल्या दिवशीच दाखवा. लग्नाच्या वादावर: जेवणाची सोय बाहेर, मैदानाकडच्या झाकलेल्या ओट्यावर. हॉल नाही, ओटा भाड्यानं द्या. वॉचमनचा पगार त्यातून निघेल, एप्रिल-मेची तिथी तर तुम्हाला पुरणार नाही. खेळाच्या फरशीवर चप्पल नाही चढायची.

नदीपल्याड
ओटा आवडला, रस्सामंडळही गप्प बसेल असं वाटतंय. नाट्यगृहाचं काय? कलाकार मंडळी हट्टाला पेटलीत.

तांबडी_माती
८०० खुर्च्या तुमच्या गावात वर्षातून कितीदा भरतील? हॉलच्या एका टोकाला घडीचा रंगमंच, मागं मेकअपची खोली. मोठा प्रयोग असला की कोल्हापूरला जायचं. पण पडदे आणि वायरिंगमधे काटकसर नको, बाहेर पडायची दारं रुंद ठेवा. १९१५ चं केशवराव भोसले नाट्यगृह २०२४ ला आगीत गेलं, आपण सगळ्यांनी बघितलंय.

नदीपल्याड
टँक आणि नाट्यगृह वगळून, बाकीचं दोन टप्प्यांत असा प्रस्ताव लिहितोय. पहिल्या टप्प्यात हॉल, ओटा, अभ्यासिका, मैदान, टर्फ. तालीम दुसऱ्यात.

तांबडी_माती
तालीम दुसऱ्यात म्हणजे कधीच नाही. हौदाला चार भिंती आणि छप्पर, खर्च तो केवढा! टर्फ दुसऱ्यात टाका, टर्फवाले स्वतः पैसे घालून करतील.

नदीपल्याड
वस्ताद, बरोबर. अदलाबदल केली.