घरच्यांना फिरवायचं आणि गरवायलाही (गळाने मासे धरायला) जायचं, एकच बोट कोणती घ्यावी?

शांत_पाणी: घरात आम्ही दोघं, मुलं दोन (वय 6 आणि 11), अधूनमधून आजी-आजोबाही येतील. बहुतेक वेळ मोठ्या तलावात, वारा पडलेला असेल तेव्हा खाडीत आणि किनाऱ्यालगत. एक दिवस गरवायचं, दुसऱ्या दिवशी सगळ्यांना फिरवायचं. बोट ट्रेलरवर न्यायची आहे. 17 फुटी सेंटर कन्सोल (चालवायची जागा मधोमध, चारी बाजू मोकळ्या), 18 फुटी ड्युअल कन्सोल (दोन बाजूंना दोन कन्सोल, मधून पुढे वाट) की 20 फुटी पाँटून (पोकळ नळ्यांवर तरंगणारा सपाट डेक)? इंजिन किती एचपीचं घ्यावं? आणि जुनी घेतली तर नेमकं काय तपासायचं?

गळ_आणि_दोर: आधी तळ ठरवा, बाकीचं नंतर. पाँटून तलावात ओसरीसारखी स्थिर असते, आजी-आजोबांना सगळ्यात सोयीची. पण खाडीच्या तोंडाशी आखूड, उभ्या लाटा आल्या की तिचे पुढचे नळे पाण्यात घुसतात आणि पाणी थेट डेकवर येतं. किनाऱ्यालगत जायचं असेल तर ती यादीतून काढा.

उरलेल्या दोघींमध्ये, इंजिन टांगतात त्या मागच्या फळीपाशी तळाचा व्ही (तळाच्या बाजूंचा उतार) किती अंशांचा आहे ते विचारा. 20 अंशांच्या वर असेल तर लाट मऊ कापली जाते, पण बोट थांबली की डुलते. मासा वर घेताना दोघं एकाच कडेला वाकतात, नेमकी तेव्हाच ती कलते. तुमच्या वापराला 15 ते 18 अंश पुरेत.

सेंटर कन्सोलमध्ये मासा लागल्यावर दांडी घेऊन चारी बाजूंनी फिरता येतं, हे सुख खरंच मोठं आहे. पण मुलांना वारा आणि तुषार यांपासून आडोसा नाही. ड्युअल कन्सोलला पुढे काच असते, मधलं दार उघडून नाळेपर्यंत (बोटीच्या पुढच्या टोकापर्यंत) जाता येतं. मी तीच घ्या म्हणेन. मात्र मागची बैठक दुमडून सपाट होणारी हवी, नाहीतर गळ फेकायला जागाच राहत नाही. कडेची आतली उंची टेपने मोजा: 60 सेंमीपेक्षा कमी असेल तर 6 वर्षांच्या मुलासाठी नको. आणि डेकवर गालिचा नको. खवले आणि रक्त त्यात मुरलं की दुसऱ्या दिवशी वासाने कोणी बसत नाही.

तीन_भाग_पेट्रोल: वजनाचा हिशेब कागदावर करा. चार मोठी माणसं 300 किलो, मुलं 55, माशांची टाकी 70 लिटर म्हणजे 70 किलो, पेट्रोल 100 लिटर म्हणजे साधारण 74, बर्फाची पेटी 30. झाले जवळपास 530 किलो. बोटीवरच्या क्षमतेच्या पाटीवरचा आकडा शांत पाण्याचा असतो, त्याच्या खाली पाचवा हिस्सा तरी मोकळा ठेवा. फिरायच्या दिवशी माशांची टाकी रिकामीच ठेवा, मागचा भार लगेच कमी होतो.

इंजिन पाटीवरच्या कमाल एचपीच्या निदान तीन-चतुर्थांश हवं. कमी एचपीचं घेतलं तर सगळे बसल्यावर बोट पाण्यावर उचलली जात नाही, नाळ वर करून रांगते आणि पेट्रोल जास्त पिते. 115 एचपीचं फोर-स्ट्रोक पूर्ण वेगाला तासाला सुमारे 43 लिटर घेतं, मध्यम वेगाला त्याच्या निम्म्याच्या आसपास. टाकीतलं पेट्रोल एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला, एक तृतीयांश राखीव. हा नियम मोडू नका.

खारा_वारा: मुलं पाण्यात उतरणार असतील तर शिडीच्या दोन-तीन पायऱ्या पाण्याखाली जायलाच हव्यात, भिजलेल्या माणसाला एका पायरीवरून वर येता येत नाही. तेवढा वेळ इंजिन बंद, चावी खिशात. सावलीचं कापड सगळीकडून बंद करून बोट हळू चालवू नका: धूर मागून आत ओढला जातो आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

नांगर नेहमी नाळेवरून, दोर खोलीच्या पाच ते सात पट. मागून टाकलात तर सगळ्यात बुटकी बाजू लाटेकडे तोंड करून उभी राहते आणि बोट भरते.

फळी_ठोका: जुन्या बोटीत पहिला संशय इंजिन टांगलेल्या मागच्या फळीवर घ्या. फायबरच्या आत प्लायवूड असतं. बोल्टच्या भोकातून पाणी शिरतं आणि ते आतून कुजतं, बाहेरून रंग चकचकीतच दिसतो. रबरी हातोडीने इंचाइंचावर ठोका. टणक आवाज आला तर ठीक, बद्द आला तर तिथे कूज आहे असं धरा. मग इंजिन अर्धं वर उचला, खालच्या टोकावर दोन्ही हातांनी भार द्या आणि फळीकडे बघा. फळी लवली किंवा बोल्टभोवती केसासारख्या चिरा उघडल्या तर व्यवहार तिथेच थांबवा. डेकवर टाच दाबत चाला, मऊ लागता कामा नये. पाणी उपसणारा पंप मुख्य स्विच बंद असतानाही फ्लोट (पाण्याबरोबर वर येऊन पंप सुरू करणारा तरंगता खटका) उचलल्यावर चालला पाहिजे. त्याची तार फ्यूजमधून थेट बॅटरीला जोडलेली असावी.

शांत_पाणी: मनापासून आभार. ड्युअल कन्सोल पक्की. ट्रेलरचं काही?

फळी_ठोका: चाकांची बेअरिंग. लांबून आल्यावर हब (चाकाचा मधला भाग, ज्यात बेअरिंग असतं) तापलेले असतात. तसेच थंड पाण्यात उतरवले की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढून घेते; ग्रीस दुधाळ होतं, मग बेअरिंग रस्त्यात जाम होतं. उतरवण्याआधी हाताला कोमट लागेपर्यंत थांबा, आणि ग्रीस दुधाळ दिसलं तर नुसतं नवीन भरू नका, बेअरिंग उघडून धुवून घ्या.