कॉलेजनं चर्चेला हॉल दिला आणि एका फोनवर परत घेतला. हमीपत्रावर सही करू का?

बर्डीवाली:
मी नागपुरात बीए शेवटच्या वर्षाला आहे. कॉलेजचं नाव घेत नाही. आमचा छोटासा वाचनगट आहे. 26 नोव्हेंबरला, संविधान दिनी, ‘विद्यार्थी परिषदेच्या निवडणुका व्हाव्यात की नको’ यावर खुली चर्चा ठेवली होती. दोन वक्ते, एक बाजूनं, एक विरोधात. प्राचार्य मॅडम तोंडी हो म्हणाल्या. आम्ही चार्टपेपरवर स्केचपेननं पोस्टर करून बोर्डावर लावलं. दुसऱ्या दिवशी पोस्टर गायब, सेलोटेपचे तुकडे तेवढे शिल्लक. कळलं असं की कुण्या संघटनेचा फोन आला, “कार्यक्रम झाला तर आम्हीपण येऊ.” आता मॅडम म्हणतात वातावरण बरोबर नाही, करायचंच असेल तर लिहून दे: “कोणाच्याही भावना दुखावणार नाहीत, दुखावल्यास संपूर्ण जबाबदारी माझी राहील.”

सही करू की सोडून देऊ? घरी बाबा म्हणून राहिले, डिग्री घे अन् गप बस.

तर्रीपोहे:
सही कर अन् खाली लिही, ‘भावना मोजायचं यंत्र कॉलेजनं पुरवावं.’ गंमत करून राहिलो. सही करू नको बापा.

निवृत्त हेडक्लार्क:
मी कॉलेजच्या ऑफिसातच नोकरी काढली. असे नकार कसे तयार होतात ते टेबलाच्या आतल्या बाजूनं पाहिलं आहे, म्हणून जरा लांब लिहितो.

पोरी, तुला नकार अजून मिळालेलाच नाही. हो तोंडी होतं, नाहीसुद्धा तोंडीच. ऑफिसला हेच सोयीचं असतं. लेखी नकार दिला की कारण लिहावं लागतं, आणि ‘एक फोन आला’ हे कारण लेटरहेडवर टाईप करायला कोणी तयार नसतं. आमचे साहेब असा अर्ज माझ्याकडे सरकवून म्हणायचे, “याचं काहीतरी करा.” काहीतरी म्हणजे पोरं थकेपर्यंत तो फायलीत दाबून ठेवायचा.

तेव्हा उद्याच रीतसर अर्ज दे. विषय, तारीख, वेळ, वक्त्यांची नावं, अंदाजे किती जण, कोणते शिक्षक हजर राहणार, आत ओळखपत्र पाहूनच सोडू, हे सगळं लिही. शेवटी एक वाक्य: ‘परवानगी नाकारायची झाल्यास कारणासह लेखी कळवावे.’ दोन प्रती ने. एक आवकला, दुसरीवर पोच, म्हणजे शिक्का, आवक क्रमांक, तारीख, सही. बाबू म्हणेल, ठेवून जा, मॅडमना दाखवतो. ठेवून जायचं नाही. गोड बोलून तिथंच उभं राहायचं. नाहीच घेतला तर स्पीड पोस्टानं पाठव.

हमीपत्राला नाही म्हणू नको, मजकूर बदल. ‘ठरल्या वेळी, ठरल्या जागी, शिस्तीत कार्यक्रम करू, मालमत्तेचं नुकसान करणार नाही’ एवढं बिनधास्त दे. हॉलमध्ये बसलेल्यांच्या मनाला काय लागेल याची हमी प्राचार्यही देऊ शकत नाहीत, तू कुठून देणार?

आणि त्या हॉलचं रजिस्टर बघता आलं तर बघ, बहुतेक शिपायाकडेच असतं. वर्षभरात क्लासवाल्यांचे सेमिनार झाले असतील, एखाद्या पुढाऱ्याचा सत्कार, कुणाचं प्रवचन. त्यांच्याकडूनही हे हमीपत्र घेतलं का, एवढंच नम्रपणे विचार. इथं साहेब लोक पेनाचं टोपण काढतात, लावतात, काढतात.

एलएलबी तिसरं वर्ष:
आधी काकांचं ऐक. कायद्यापुरतं मी सांगतो. संविधानाच्या अनुच्छेद 19(2) मध्ये अभिव्यक्ती स्वातंत्र्यावर घालता येणाऱ्या बंधनांची यादी आहे: सार्वजनिक सुव्यवस्था, बदनामी, न्यायालयाचा अवमान, गुन्ह्याला चिथावणी वगैरे. ‘भावना दुखावणे’ हा त्यात वेगळा मुद्दा नाही. फोनबद्दल म्हणशील तर 1989 च्या एस. रंगराजन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की मोर्चे, निदर्शनं किंवा हिंसेच्या धमक्यांपुढे झुकून अभिव्यक्ती दाबता येत नाही. 2015 च्या श्रेया सिंघल निकालात चर्चा, समर्थन आणि चिथावणी यांत फरक केला आहे. तुमची तर नुसती चर्चा.

पण खासगी विनाअनुदानित कॉलेज असेल तर 19 थेट लावणं अवघड, हेही धरून चाल. तरी मे 2025 मध्ये पुण्यातल्या एका विद्यार्थिनीला सोशल मीडियावरच्या पोस्टवरून कॉलेजनं काढलं, तेव्हा बाजू न ऐकता काढलं म्हणून मुंबई उच्च न्यायालयानं तो आदेश स्थगित केला होता. पुढे यावरून तुला त्रास झालाच तर यूजीसीच्या 2023 च्या नियमांप्रमाणे कॉलेजात विद्यार्थी तक्रार निवारण समिती हवी, आणि तिच्यावर अपिलाला लोकपाल.

मास्तर:
मी शिकवतो, त्यामुळे थोडं मॅडमच्या बाजूनं. काच फुटली तर बिल कॉलेजवर, आणि रात्री पोलीस स्टेशनला प्राचार्यच जातात. शिकागो विद्यापीठानं 2014 साली नेमलेल्या समितीचा अहवाल अभिव्यक्तीच्या बाबतीत बराच उदार आहे, पण वेळ, जागा आणि पद्धत ठरवायचा हक्क त्यानंही विद्यापीठाकडेच ठेवला. नोव्हेंबरात आपल्याकडे हिवाळी परीक्षा असतात, हॉल खरंच परीक्षेला लागू शकतो. डिसेंबरात अधिवेशन, सगळा बंदोबस्त तिकडे. अर्जात जानेवारीच्या दोन पर्यायी तारखा टाक.

निवृत्त हेडक्लार्क:
मास्तर, तारखांचं मान्य. पण काच फोडायची धमकी एकानं द्यायची आणि हमीपत्र दुसऱ्यानं लिहायचं, हे काही पटत नाही. फोन करणाऱ्याचं हमीपत्र कुठंय?

बर्डीवाली:
काका, पोच मिळाली! बाबू खरंच “ठेवून जा” म्हणाला. हमीपत्र तुमच्या मजकुराचं दिलं, जानेवारीच्या तारखाही टाकल्या. मॅडमनी वाचलं, फक्त वक्ते कोण ते विचारलं. आता निवडणुकांच्या विरोधात बोलणार होते ते सर म्हणतात, मला यात पडायचं नाही. एकतर्फी कार्यक्रम आम्हाला करायचा नाही. त्या बाजूनं मुद्देसूद बोलणारं नागपुरात कुणी ओळखीचं आहे का? मानधन नाही, चहा-पोहे आहेत.