अल्बेनियातली आश्रय-छाननी: करार फसला की कायदा?

दर्यावर्दी
समुद्रात वाचवलेल्यांचे आश्रयाचे अर्ज अल्बेनियात तपासायचे, असा करार इटलीच्या पंतप्रधान मेलोनी आणि अल्बेनियाचे पंतप्रधान एडी रामा यांनी नोव्हेंबर 2023 मध्ये केला; तो फसला, असं सरसकट म्हटलं जातं. मला ते पटत नाही. इटलीच्या सरकारी जहाजांनी खोल समुद्रात वाचवलेले, 'सुरक्षित' (म्हणजे परतल्यावर छळाचा धोका नाही असे) ठरवलेल्या देशांतले प्रौढ पुरुष तेवढे तिकडे न्यायचे. शेंगजिन बंदरात ओळख आणि वैद्यकीय तपासणी, मग वीसेक किलोमीटर आत ग्यादेरच्या केंद्रात मुक्काम. कायदा इटलीचा, न्यायालय रोमचं, अल्बेनियाचे पोलीस कुंपणाबाहेर. हक्क तेच, जागा तेवढी वेगळी. यात वावगं काय?

कलमकसाई
पहिलीच खेप बघा ना. ऑक्टोबर 2024, नौदलाचं 'लिब्रा' जहाज, 10 बांगलादेशी आणि 6 इजिप्शियन. शेंगजिनला उतरल्यावर चौघे बाद: दोघे अल्पवयीन निघाले, दोघे वैद्यकीयदृष्ट्या नाजूक. म्हणजे जहाजावरची चाळणी कुचकामी. उरलेल्या 12 जणांच्या स्थानबद्धतेचे आदेश 48 तासांत न्यायालयापुढे ठेवायचे होते आणि न्यायाधीशाला निकालासाठी पुढचे 48 तास. 18 ऑक्टोबरला रोमने ते नामंजूर केले. सोळाच्या सोळा इटलीत!

दर्यावर्दी
न्यायालयाने अडवली ती 'सुरक्षित देशां'ची यादी, करार नव्हे. त्याआधी दोनच आठवडे लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाने मोल्दोव्हाच्या प्रकरणात म्हटलं होतं की, देशाचा काही भूभाग वगळून उरलेला देश सुरक्षित म्हणता येत नाही. रोमने तेच सूत्र माणसांच्या गटांना लावलं. हे जरा ताणलेलंच होतं.

कलमकसाई
ताणलेलं? 1 ऑगस्ट 2025 चा निकाल वाचा. काही गटांना धोका असेल तर तेव्हाच्या नियमांत तो देश यादीत बसत नाही, असंच लक्झेंबर्गने सांगितलं. इटलीच्याच कागदपत्रांत इजिप्तपुढे राजकीय विरोधकांचा अपवाद नोंदलेला होता. सरकारने यादी थेट कायद्यात घातली, तरी ती कशाच्या आधारावर बनली हे न्यायाधीशाला आणि अर्जदाराला तपासता आलंच पाहिजे, हेही त्याच निकालात आहे.

आकडेमोडे
दोघांचंही कायद्याचं चालू द्या, मी खर्चाचं बोलतो. पाच वर्षांसाठी सुमारे 67 कोटी युरो. ग्यादेरला आश्रयार्थींसाठी 880 जागांचं नियोजन. आणि जानेवारी 2025 पर्यंतच्या तीन खेपांत नेले किती? 16, 8 आणि 49. मार्च 2025 मध्ये वटहुकूम काढून तिथे इटलीतूनच हद्दपारीचा आदेश मिळालेले लोक ठेवायला लागले. दुकान एका मालासाठी थाटलं आणि विकायला बसले दुसराच.
अमेरिकेचा ग्वाटेमालाशी झालेला 2019 चा करारही आठवा. होंडुरास आणि एल साल्व्हाडोरच्या 900 हून जास्त लोकांना तिकडे पाठवलं, आश्रय एकालाही मिळाला नाही.

दर्यावर्दी
ती तुलना गैरलागू आहे. अमेरिकेने जबाबदारीच ग्वाटेमालावर ढकलली, इटलीने ती स्वतःकडे ठेवली आहे. शिवाय 12 जून 2026 पासूनच्या नव्या युरोपीय नियमात गटांचे अपवाद ठेवून देश सुरक्षित ठरवता येतो. ज्या देशाच्या अर्जदारांना आश्रय मिळण्याचं प्रमाण 20 टक्के किंवा कमी, त्यांचे अर्ज जलद मार्गाने. युरोपीय आयोगाने एप्रिल 2025 मध्ये सुचवलेल्या यादीत बांगलादेश, इजिप्त, मोरोक्कोबरोबर भारतही आहे, तेव्हा आपल्याकडच्यांनीही हे नीट वाचावं.

कलमकसाई
अपवाद कायदेशीर झाले म्हणून काम सोपं होत नाही, उलट वाढतं. समोरचा इजिप्शियन सरकारविरोधक आहे का, हे कुणीतरी विचारायला हवं. डेकवर, ओल्या कपड्यांतल्या माणसाला, दुभाषामार्फत. अल्पवयीन मुलंसुद्धा जिथे ओळखता आली नाहीत, तिथे हे कसं जमणार?

दर्यावर्दी
मग ती चाळणी इटलीच्या लांपेदूसा बेटाच्या बंदरात करा. डॉक्टर, दुभाषी सगळे तिथे आहेत.

कलमकसाई
तिथेच मेख आहे. आश्रय-प्रक्रियेसाठी अल्बेनियाला न्यायचं तर माणूस युरोपीय संघाच्या सागरी हद्दीबाहेर जहाजावर घेतलेला असावा लागतो, असं इटलीचा 2024 चा कायदा क्रमांक 14 सांगतो. लांपेदूसाला पाय टेकले की त्याचा अर्ज इटलीतच.